ज्याचा हात, त्याची मूठ

फराळ, किल्ला आणि क्रिकेट या तीन गोष्टी आपल्याकडची मुले दिवाळीच्या एकाच सुट्टीत उरकतात. फराळाची काळजी आई घेते, किल्ल्याची माती कुठून तरी येते, आणि नव्या बॅटचा विषय निघाला की वडील खिशाकडे पाहू लागतात. बॅट घ्यायची म्हणजे घरात केवढी चर्चा! लाकूड काश्मिरी की इंग्लिश, पात्यावर उभ्या रेघा किती, खाली कड केवढी जाड, स्टिकर कोणत्या खेळाडूच्या बॅटवर असतो तो आहे की नाही, सगळे पाहून होते. मात्र मुलगा किंवा मुलगी ती बॅट जिथे धरणार, तिकडे कोणाचेच लक्ष जात नाही. दांड्यावर रबराची एक नळी चढवलेली असते. तिला ग्रिप म्हणतात. ती लाल हवी की निळी, एवढे ठरले की खरेदी पुरी झाली.

आज मी या नळीविषयी लिहिणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाने कवितेचे रसग्रहण सोडून रबराच्या नळीत शिरण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की ग्रिपला आपल्या भाषेत जो शब्द आहे, तो मराठीतल्या अतिशय कर्तबगार शब्दांपैकी एक आहे. तो शब्द म्हणजे मूठ.

संकट आले की आपण जीव मुठीत धरून पळतो, गुपित राखायचे असले की झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतो, आणि एकीची भाषा सुरू झाली की वज्रमूठ आवळतो. आनंद झाला की अंगावर मूठभर मांस चढते. तलवारीला मूठ असते, तशी कोयत्याला आणि काठीलाही असते. म्हणजे बोटे मिटलेला हातही मूठ, आणि त्या हातात येणारा हत्याराचा भागही मूठच. दोघांना एकच नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांना एक गोष्ट नक्की कळली होती. हात आणि हत्यार जिथे भेटतात, तिथे हाताची मूठ कुठे संपली आणि हत्याराची कुठे सुरू झाली, हे सांगता येऊ नये. ते सांगता येऊ लागले की समजावे, मूठ चुकली आहे.

क्रिकेटच्या कायद्यालाही हे मान्य आहे. बॅट धरलेला हात, किंवा त्या हातातला मोजा, हा बॅटचाच भाग समजला जातो. म्हणूनच चेंडू मोज्याला लागून उडाला आणि झेलला गेला, तर फलंदाज बाद होतो. असे असूनही आपण बॅट निवडतो एकीकडे आणि हाताचा विचार करीतच नाही.

दांड्याच्या पोटात

आधी या दांड्याच्या पोटात काय आहे ते पाहू. बॅटचे पाते विलोच्या लाकडाचे आणि दांडा वेताचा. वेताशी आमच्या व्यवसायाचा जुना संबंध असल्याने त्याचे गुण मला ठाऊक आहेत. तो वाकतो, मोडत नाही, आणि बसलेला तडाखा पलीकडे पोहोचवण्यात हयगय करीत नाही. बॅटच्या दांड्यात मात्र त्याने नेमके उलटे काम करावे, अशी अपेक्षा असते. चेंडूचा तडाखा हातापर्यंत पोहोचू नये म्हणून वेताचे तुकडे एकमेकांना चिकटवताना मध्ये रबराच्या किंवा बुचाच्या पातळ पट्ट्या घालतात. मग तो जुडगा लेथवर गोल करतात, त्याचे खालचे टोक पाचरीसारखे निमुळते कापतात, आणि पात्यात तशाच आकाराची खाच घेऊन त्यात डिंकाने घट्ट बसवतात.

अगदी जुन्या बॅटी एकसंध लाकडाच्या असत आणि फटका मारला की हात झिणझिणत. वेताचा दांडा निमुळत्या सांध्याने पात्यात बसवण्याची आजची पद्धत १८८० च्या दशकातली. तिचे श्रेय चार्ल्स रिचर्डसन या इंग्रज इंजिनिअरला दिले जाते. हे गृहस्थ प्रख्यात इंजिनिअर ब्रुनेल यांचे शिष्य, आणि सेव्हर्न नदीखालून जाणाऱ्या रेल्वे बोगद्याचे पहिले मुख्य इंजिनिअर. नदीखालून आगगाडी नेणाऱ्या माणसाला बॅटच्या सांध्यातही लक्ष घालावेसे वाटले, ही गोष्ट मला फार आवडते.

दांडा बसला की त्यावर वरपासून खालपर्यंत दोरा गुंडाळतात. वळणे एकमेकांना चिकटून, डिंक लावून. हा दोरा दांड्याला फुटू देत नाही. आणि सर्वांत शेवटी, दोऱ्यावर, रबराची ग्रिप. हाताशी जिचा संबंध येतो ती ही एकटीच.

ग्रिप तीन कामे करते. पहिले, घामेजलेल्या हातातून दांडा सटकू देत नाही. दुसरे, तडाख्याचा उरलासुरला भाग शोषून घेते. तिसरे काम कोणाच्या लक्षात येत नाही. ती दांड्याची जाडी ठरवते. ग्रिप पातळ असते तशी जाडही असते, गुळगुळीत मिळते तशी खवल्यांची, तिरप्या रेघांची किंवा बारीक टिपक्यांचीही मिळते. काही जण एकावर एक दोन चढवतात, कोणी तीनही. जाडी वाढली की वजनही वाढते. पण हे वजन मुठीकडे पडत असल्याने पाते उलट हलके भासते. म्हणजे ही क्षुल्लक नळी सगळ्या बॅटचा तोल बदलू शकते.

वाढत्या अंगाची बॅट

आता मुद्द्यावर येतो. मध्यमवर्गीय घरात एक थोर तत्त्व पाळले जाते. मुलाची कोणतीही वस्तू घ्यायची ती वाढत्या अंगाची. गणवेश दोन बोटे लांब, बूट एक नंबर मोठा आणि सायकल अशी, की पहिली दोन वर्षे मुलाने टाचा उचलून पॅडल मारावे. गणवेशाला आतून टीप घालता येते, बुटात कापूस कोंबता येतो. बॅट मात्र अशी वागवता येत नाही. जाड दांड्याभोवती लहान बोटे पुरी वळत नाहीत. मग मूल सगळे बळ एकवटून दांडा आवळते. आवळलेल्या हातात मनगट वळत नाही, कोपर ताठरते, आणि चेंडू पात्याच्या कडेला लागला की बॅट हातातच गर्रकन फिरते. उलट मोठ्या पंजाला दांडा फार बारीक मिळाला, तर बोटे तळव्यात रुततात, खालचा हात अधिक जोर करू लागतो, आणि सरळ जाणारे पाते आडवे जाते. दोन्हीकडे खापर फुटते ते खेळणाऱ्यावर. "मन लावून खेळत नाही", "मनगटात जोर नाही", ही आपली नेहमीची निदाने.

आमच्या घरी हे निदान माझ्या पुतणीच्या वाट्याला आले. वय बारा, अंगकाठी सडसडीत. तिच्या मोठ्या भावाने वापरलेली बॅट तिच्याकडे आली होती आणि त्या चिरंजीवांनी कोणत्या तरी खेळाडूचे पाहून दांड्यावर दोन जाड ग्रिपा चढवल्या होत्या. मुलगी रोज सकाळी सरावाला जाई आणि अंगठ्याच्या मुळाशी मलम चोळीत परत येई. महिन्याभरात घरात बोलणी सुरू झाली. वहिनी म्हणाल्या, "मुलींच्या हाताला ते झेपत नाही, बॅडमिंटन खेळ म्हणावं." मुलगी काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने किटबॅग माळ्यावर टाकायला काढली, तेव्हा मी ती बॅट उचलली आणि तिला घेऊन गावातल्या एका बॅट दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो.

त्या म्हाताऱ्या कारागिराचे दुकान म्हणजे जिन्याखालची जेमतेम दीड माणसाची जागा. त्याने बॅटकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी म्हणाला, "बेटा, हात दाखव." तिचा पंजा त्याने आपल्या पंजाला लावून पाहिला. मग बॅट तिच्या हाती देऊन म्हणाला, "वरच्या हाताने धर. आता अंगठा आणि पहिलं बोट जुळव." बोटांत चांगले दोन बोटे अंतर राहिले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, मनगटाला काही झालेलं नाही. हा दांडा हिच्या हाताचा नाही."

दहा मिनिटांचे काम. दोन्ही ग्रिपा उतरल्या, सुटलेला दोरा नीट झाला आणि एक पातळ ग्रिप चढली. मुलीने बॅट धरली, दोनदा हवेत फिरवली आणि काकाकडे न बघता कारागिराला विचारले, "आता हिला किती दिवसांनी बदलायची?" त्या एका प्रश्नावरून मला कळले, की किटबॅग माळ्यावर जाणार नाही. पुढच्या पंधरवड्यात मलमाची बाटली आपोआप मागे पडली. ती काही शतके ठोकू लागली आहे असे नव्हे. पण खेळते आहे, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तेच पुष्कळ आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हापासून किती घरांत भावाची बॅट बहिणीच्या हाती गेली असेल. त्या सर्व घरांनी दांड्याची जाडी एकदा तपासून पाहावी, एवढेच सांगतो.

मोठ्यांच्या मुठी

असे बोललो की कोणी तरी हमखास सचिन तेंडुलकरचे उदाहरण पुढे करतो. थोरल्या भावाची मोठी बॅट घेऊन तो लहानपणी खेळे, म्हणून दांडा अगदी खाली, पात्याजवळ धरायची त्याला सवय लागली. पुढे ती धरण बदलण्याचे सल्ले मिळाले. त्याने बदलूनही पाहिली. पण हाताला रुचले नाही आणि तो आपल्या जुन्याच जागी परत आला. मग मोठ्या बॅटने काय बिघडले, हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण मला त्या गोष्टीतून दुसरेच दिसते. जड बॅट पेलायला त्या हाताने आपली जागा स्वतः शोधली. तसा हात कोट्यवधींत एखादा. बाकीच्या मुलांना जागा सापडत नाही आणि ती खेळ सोडतात. त्यांच्या कथा कोणी छापत नाही.

वेस्ट इंडीजचा क्लाइव्ह लॉईड उंचीने सहा फूट चार इंच, आणि पंजा त्याला शोभेसा. तो आपल्या जडशीळ बॅटवर एकावर एक कितीतरी ग्रिपा चढवीत असे. जानेवारी १९७५ मध्ये वानखेडे मैदानावरच्या पहिल्याच कसोटीत त्याने नाबाद २४२ धावा काढल्या. त्या मुठीचे अनुकरण आपल्याकडच्या साडेपाच फुटी फलंदाजांनी केले, तर मनगटाचा घात ठरलेला. लॉईडची मूठ लॉईडच्या हाताची होती.

डॉन ब्रॅडमनची धरणही पुस्तकी नव्हती. लहानपणी घरामागच्या पाण्याच्या टाकीवर गोल्फचा चेंडू आपटायचा आणि परत येताना तो स्टंपने मारायचा, हा त्याचा खेळ. बारीक, गोल स्टंप आणि वेडावाकडा उसळणारा चेंडू, यांतून त्याच्या हाताने जे शोधले, ते त्याने जन्मभर सोडले नाही. कसोटीतली त्याची सरासरी ९९.९४ आहे, तेव्हा त्याच्या मुठीला नावे ठेवण्याचे धाडस आपण न केलेले बरे.

आणि सर्वांत गमतीची मूठ ॲडम गिलख्रिस्टची. २८ एप्रिल २००७ रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने श्रीलंकेविरुद्ध १०४ चेंडूंत १४९ धावा केल्या. तेव्हा त्याच्या खालच्या हाताच्या मोज्यात स्क्वॉशचा चेंडू होता. तो हात दांडा फार आवळतो आणि पाते फिरवतो, हे त्याच्या प्रशिक्षकाने हेरले होते. तळव्यात चेंडू आल्यावर बोटांना पुरते आवळताच येईना, आणि पाते सरळ येऊ लागले. यावर तक्रारीही झाल्या. पण क्रिकेटचे कायदे सांभाळणाऱ्या एमसीसीने त्यात कायदाभंग नसल्याचे सांगितले. जगज्जेत्या संघाच्या सलामीवीरालासुद्धा आपल्या मुठीत तडजोड करावी लागली. मग आपल्या घरच्या खेळाडूला का लागू नये?

निवड आणि बदल

आता थोडे घरगुती शास्त्र. बॅट मुलाच्या पायाशेजारी उभी धरावी. दांड्याचे टोक मांडीच्या वरच्या भागापर्यंत यावे, कमरेच्या वर जाऊ नये. मग फक्त वरच्या हाताने, म्हणजे उजव्या फलंदाजाने डाव्या हाताने, बॅट समोर आडवी उचलून धरायला सांगावी. दहा आकडे मोजेपर्यंत हात थरथरू लागला, तर ती बॅट दुकानातच ठेवावी. शेवटी आमच्या कारागिराची परीक्षा. वरच्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट दांड्याभोवती एकमेकांना भेटायला हवे. लहान हातासाठी एकच पातळ ग्रिप पुरते. दुसरी चढवायची ती पंजा मोठा असेल तेव्हाच. आमच्या शेजारच्या कॉलेजकुमाराप्रमाणे निव्वळ ऐट म्हणून चढवू नये.

ग्रिप बदलायची केव्हा? खवले झिजून रबर चकचकीत दिसू लागले, हाताला चिकट किंवा कडक लागू लागले, कुठे चीर पडली किंवा ग्रिप दांड्यावर फिरू लागली, की बदलावी. नुसती मळली असेल, तर साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशाने धुऊन सावलीत वाळवली तरी पुष्कळ दिवस चालते. रबराचे शत्रू दोन, घाम आणि ऊन. किटबॅग घामासकट आठवडाभर बंद ठेवली, तर नवी ग्रिपही लवकर म्हातारी होते. मुंबईत कांगा लीगचे सामने १९४८ पासून ऐन पावसाळ्यात खेळले जात आले आहेत. ओली मूठ म्हणजे काय, ते त्या मैदानांवर खेळलेल्यांना विचारावे.

जुनी ग्रिप काढताना ब्लेडने उभी चीर द्यावी, पण हलक्या हाताने, कारण खाली दोरा आहे. तो कापला गेला तर सगळा दांडा नव्याने बांधावा लागेल. ग्रिप निघाली की दोरा तपासावा. सुटलेली वळणे डिंक लावून पुन्हा घट्ट गुंडाळावी आणि रात्रभर वाळू द्यावी. पात्याला तेल देतात म्हणून काही उत्साही मंडळी दांड्यालाही तेल चोपडतात. तसे करू नये. सांध्यात तेल उतरले की डिंक सुटतो.

नवी ग्रिप चढवायला दुकानात लाकडी शंकू असतो. त्याला ते कोन म्हणतात. ग्रिप पायमोज्यासारखी वळत त्या शंकूवर रुंद तोंडापर्यंत आणायची, शंकू दांड्याच्या माथ्यावर टेकवायचा, आणि ती वळकटी दांड्यावर उतरवून दोन्ही तळव्यांनी खाली लोटायची. ती लोळत जाते तसतसे रबर दांड्यावर पसरत जाते. घरी शंकू नसेल तर दांड्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालावी, तिला बाहेरून आणि ग्रिपला आतून टाल्कम पावडर लावावी, आणि ग्रिप हळूहळू खाली ओढावी. पुरती बसली की पिशवी वरून खेचून काढावी. यात आई, वडील आणि मुलगा असे तिघांचे सहा हात लागतात. बॅट एकाने पोटाशी धरायची, दुसऱ्याने ओढायचे आणि तिसऱ्याने सूचना करायच्या. पीळ पडला असेल तर लगेच सोडवावा, खालच्या कडेला चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावे, आणि निदान एक रात्र बॅट तशीच ठेवावी.

इतर खेळांतही हीच कहाणी आहे. टेनिसच्या आणि बॅडमिंटनच्या रॅकेटवर पट्टी तिरपी गुंडाळतात; वेढे किती घ्यायचे, ते हात पाहून ठरते. गोल्फच्या काठीवर आधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावतात, तिच्यावर पातळ द्रावण ओततात, आणि ते ओले आहे तोवर रबराची मूठ झटकन सरकवतात. द्रावण उडाले की ती पक्की बसते. पंजा मोठा असेल तर खालच्या पट्टीचे थर वाढवतात. हजारो रुपयांची काठी आणि तिचा सगळा भरवसा पट्टीच्या एका थरावर! गोल्फ खेळणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते आणि ते नियमाने मुठी बदलतात. आपल्याकडे ज्या खेळासाठी माणसे जेवणाचे ताट सोडून उठतात, त्याच खेळाच्या मुठीकडे मात्र वर्षानुवर्षे पाहिले जात नाही.

या सुट्टीत मुलांची बॅट एकदा हाती घेऊन पाहा. पात्यावर स्टिकर कोणाचा आहे ते राहू द्या. मुलाला डोळे मिटून ती धरायला सांगा आणि पात्याचे टोक तुम्ही बोटाने हळूच एका बाजूला ढकला. बॅट हातात फिरली, तर त्याच्या मनगटाविषयी काही बोलण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानात जा आणि एक ग्रिप घेऊन या. जाताना मुलालाही बरोबर न्या. कारण माप त्याच्या हाताचे घ्यायचे आहे.